वाड्यातलं चकमकीचं पिस्तूल साफ करताना

पितृपक्ष संपत आला की दरवर्षी तोच प्रश्न येतो. "खंडेनवमीला पूजेत ठेवायचंय, माळ्यावरनं काढलंय. चिंच लावून घासू का पितांबरी?" दोन्ही नको. सातारा, वाई, कऱ्हाड, सांगली, मिरज इथल्या घरांतून मी आजवर पाहिलेल्या जुन्या हत्यारांपैकी गंजानं संपलेली थोडी होती. बाकीची घरच्यांच्या उत्साहानं संपली. म्हणून हा लेख कामाच्या क्रमानं लिहिलाय. पायऱ्या पुढंमागं करू नका, विशेषतः पहिली.

लेख ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या पिस्तुलाबद्दल आहे. तोड्याच्या (जळत्या वातीच्या) किंवा केपाच्या (स्फोटक टोपीवर उडणाऱ्या) बंदुकीलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. कामाची वेळ मात्र पाळा. खरी सफाई फाल्गुन-चैत्रात करावी, हवा कोरडी असते तेव्हा. भाद्रपदात साताऱ्याच्या भिंती अजून घाम गाळत असतात. त्या हवेत लोखंड उघडं केलं तर संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते. नवरात्राच्या तोंडावर फक्त धूळ झटका, एवढंच.

१. आधी बघा: बार (दारू-गोळी) भरलेला आहे का?

हे विनोदानं घेऊ नका. ठासणीची हत्यारं भरून ठेवायची आणि तशीच विसरायची, ही जुनी सवय होती. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. पाण्यानं भिजली म्हणून ती कायमची मेली असंही समजू नये, कारण वाळल्यावर ती पुन्हा पेटू शकते.

तपासायची रीत अशी:

१. पिस्तूल टेबलावर आडवं ठेवा. तोंड भिंतीकडं, आणि त्या दिशेला माणूस नको. घोडा पूर्ण मागं ओढलेला असेल तर हात काढून घ्या, पुढचं तपासू नका आणि थेट खालच्या 'थांबा'मध्ये सांगितलंय तसं वागा.

२. घोडा खाली असेल तर त्याच्या समोरची पोलादी पट्टी, जिच्यावर गारगोटी आपटते ती, हलकेच पुढं उघडा. पट्टी उघडी असली की घोडा चुकून सुटला तरी ठिणगी पडत नाही. पट्टी गंजून बसली असेल तर जोर लावू नका, तशीच राहू द्या.

३. नळीपेक्षा लांब, सरळ लाकडी काठी घ्या. लोखंडी गज नको. बाजूनं उभं राहून ती हळूच आत सरकवा, तळ लागेल तिथं थांबा. ठोकू नका. नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलीनं खूण करा.

४. काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तशीच लावा, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं टोक कानाजवळ, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकाजवळ, यायला हवं.

> थांबा: टोक कानाच्या बोटभर किंवा जास्त अलीकडं थांबलं, तर आत काहीतरी आहे. ते गांधीलमाशीचं घर असेल, चिंधी असेल किंवा बार असेल. तुम्ही बार आहे असंच धरून चाला. गरम पाणी ओतणं, तेल सोडणं, स्क्रू फिरवून गोळी ओढणं, उन्हात तापवणं, यातलं काहीही करायचं नाही. पिस्तुलाला "भरलेलं असू शकतं" अशी चिठ्ठी दोऱ्यानं बांधा, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. बार काढायचं काम परवानाधारक कारागिराचं.

२. कागदपत्रांची बाजू

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. "शंभर वर्षांपूर्वीचं आहे, परवाना लागत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते खरं वाटायला लागेल. कायदा तसं म्हणत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण एका अटीवर: ते हत्यार दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. 'दुरुस्त करूनही' हे दोन शब्द अधोरेखित करा. नळी धड, कळ (घोडा आणि त्याच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बसवलेली यंत्रणा) धड, नुसती गारगोटी नाही, असं पिस्तूल या सुटीत बसेल असं गृहीत धरू नये.

तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत फोटोसह अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "ठेवा हो, काही होत नाही" याला पुढच्या पिढीत किंमत राहत नाही. वडिलांच्या नावावर जुना परवाना सापडला, तर त्याची प्रत अर्जाला जोडा. पिस्तूल घेऊन एसटीनं साताऱ्याला यायचं नाही, आधी नुसता कागद न्या.

शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट द्यायचा बेत असेल तर तो इथंच सोडा. आणि पिस्तूल माळ्यावर नाही तर वाड्याचा पाया खणताना मातीत सापडलं असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

शस्त्र कायद्यातल्या त्या अटीतून सफाईचा एक नियमही निघतो: चालू करायला जाऊ नका. कान मोकळा करणं, नवी गारगोटी बसवणं, कमान बदलणं ही सफाई नव्हे, हत्यार तयार करणं झालं.

३. फोटो आणि नोंद

पुसायच्या आधी फोटो. डावी बाजू, उजवी, वरून, खालून, आणि प्रत्येक खुणेचा जवळून. खिडकीच्या तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश मारून नको. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. वहीत नळीची लांबी, तोंडाचा व्यास, कुठं तडा आहे, कोणता स्क्रू गायब आहे, हे लिहा.

खुणा कुठं शोधायच्या? कळीच्या बाजूच्या पट्टीवर आणि नळीच्या बुडाशी. मुकुट, 'जी आर' अक्षरं आणि 'टॉवर' हा शब्द ब्रिटिश लष्करी कळीवर असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवर १८०८ च्या सुमारापर्यंत चार भागांत विभागलेला, पत्त्यातल्यासारखा बदाम आणि आत अक्षरं, त्यानंतर मागच्या पायांवर उभा सिंह. पण 'टॉवर' दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. शोभेच्या नकला विकणाऱ्यांनाही तो शब्द लिहिता येतो. नकलेत बहुधा नळीचा कान आरपार नसतो, कुठंतरी अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा आधुनिक स्क्रू सापडतो, आणि खुणा सगळीकडं सारख्याच खोल असतात.

इथं माझी स्वतःची चूक सांगतो. कॉलेजात असताना मी आजोबांच्या पिस्तुलाची पट्टी एमरी पेपरनं आरशासारखी केली. सगळ्यांनी कौतुक केलं. त्या पट्टीवर अक्षरं होती, हे मला आठ वर्षांनी एका जुन्या फोटोत दिसलं. आता ती कुठल्याच उजेडात दिसत नाहीत.

४. सामान

फार लागत नाही:

- नायट्राइलचे हातमोजे. घामातलं मीठ लोखंडावर बोटाचे ठसे कायमचे कोरतं. जुन्या नळीत शिशाची पांढरी भुकटीही असू शकते, ती विषारी असते.
- धुतलेलं मलमल किंवा जुनं सुती धोतर, कापसाच्या काड्या, मऊ ब्रश, बांबूच्या काड्या.
- शिलाई मशीनचं पातळ तेल.
- रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन, जुनं चिकटलेलं तेल सोडवायला. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ समई-उदबत्ती नको.
- मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स. संग्रहालयांत हेच वापरतात. महाग वाटतं, पण एक डबी दहा-बारा वर्षं जाते.

आणि हे घरातून बाहेर ठेवा: चिंच, लिंबू, व्हिनेगर, राख, पितांबरी, पॉलिश पेपर, गाडीचं पॉलिश, तारेची घासणी, खोबरेल. खोबरेलाबद्दल लोक वाद घालतात, कारण आजोबा तेच लावायचे. ते चोवीस अंशांच्या आसपास गोठतं, साताऱ्याच्या थंडीत कळीच्या सांध्यात मेणासारखं बसतं, पुढं खवट होऊन आम्ल सोडतं आणि धूळ धरतं. आजोबा दर पंधरवड्याला पुसून नव्यानं लावत असतील. आपण वर्षातून एकदा लावतो.

५. लाकूड आधी

लोक लोखंडापासून सुरुवात करतात आणि इथंच क्रम चुकतो. लोखंडावरचं तेल शेजारच्या उघड्या लाकडात मुरतं, ते काळं आणि मऊ पडतं. कळीच्या आजूबाजूचं काळं, भुसभुशीत लाकूड तुम्ही पाहिलं असेल, ते तेलानं कुजलेलं असतं.

१. कोरड्या ब्रशनं धूळ काढा, नक्षीच्या आतून बाहेरच्या दिशेला.
२. मळ असेल तर कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, हाताला गार लागेल इतपतच ओलं, आणि एकदा फिरवा. लगेच कोरडं कापड.
३. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, वॅक्सचा अगदी पातळ हात. दहा मिनिटांनी मऊ कापडानं चोळा.

विलायती पिस्तुलाचा दस्ता बहुधा अक्रोडाचा, इकडच्या बनावटीचा शिसवीचा. दोघांनाही चपडीचं पॉलिश, जवसाचं तेल, टचवूड लागत नाही. जवसाचं तेल नव्या दस्त्याला चालतं, जुन्यावर ते वर्षागणिक काळं आणि चिकट होतं. पांढरट भुगा पडत असेल तर किडा जिवंत आहे. तेव्हा औषध फवारू नका, पिस्तूल बाकीच्या लाकडी वस्तूंपासून वेगळं काढा आणि जाणकाराला दाखवा.

६. मग लोखंड

पहिल्यांदा गंज कोणता ते ओळखा. पांढरं कोरडं कापड नळीवर घासा. कापडावर नारिंगी भुकटी आली तर गंज जिवंत आहे, तो काढायचा. काही आलं नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत, काळसर-तपकिरी असेल, तर तो स्थिर थर आहे. त्याला हात लावायचा नाही. पुष्कळ नळ्या मुळातच कारागिरानं मुद्दाम गंजवून तपकिरी केलेल्या असतात. त्याला गंज समजून खरवडलं की मूळ काम गेलं. पीळ दिलेल्या लोखंड-पोलादाच्या नळीवरची लाटांची नक्षीही चिंचेच्या आम्लानं उडते. सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर सोन्याची तार ठोकून केलेली नक्षी, असेल तर त्या भागाला नुसता ब्रश.

जिवंत गंज काढायची रीत:

१. दस्त्याच्या कडेनं मलमलची पट्टी दाबून धरा, तेल तिकडं जाऊ नये म्हणून.
२. गंजावर तेलाचा थेंब, थेंबच. अर्धा दिवस थांबा. सगळे घाई करतात ती इथंच.
३. बांबूच्या काडीच्या चपट्या टोकानं किंवा तांब्याच्या तुकड्याच्या कडेनं गंजाचा पापुद्रा सोडवा. तांबं लोखंडापेक्षा मऊ, चरे पडत नाहीत.
४. पुसा, पुन्हा थेंब, पुन्हा थांबा. तीन-चार दिवस लागू दे.

> तपासणी: कापड नारिंगी यायचं थांबलं आणि तपकिरी येऊ लागलं की काम संपलं. लोखंड चमकायला लागलं असेल तर तुम्ही पुढं गेलात.

शेवटी टर्पेंटाइननं तेल पुसून काढा, वाळू द्या, आणि वॅक्सचा पातळ हात फिरवा. तेलाचा थर धूळ धरतो, वॅक्सचा धरत नाही. निळसर-काळा रंग देणारी तयार बाटली मिळते, ती घेऊ नका. 'डब्ल्यू डी फोर्टी' हे अडकलेलं सोडवायला ठीक, वर्षभर राखण करायला नाही.

७. पितळ आणि चांदी

थोडक्यात: घासू नका. पितांबरीची पांढरी पूड पितळ आणि लाकडाच्या फटीत बसते, ती नंतर कशानंच निघत नाही. अमोनिया असलेलं पॉलिश तर मुळीच नको. इंग्रजांच्या फौजेत इथंच, हिंदुस्थानात, पागेजवळ साठवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण पुढं सापडलं. पितळी टोपी, पट्ट्या कोरड्या कापडानं पुसून वॅक्स लावा. चांदीची काळी झाक नक्षीच्या खाचांत राहू द्या, त्यामुळंच ती नक्षी दिसते.

८. कळ उतरवायची का?

बहुतेकांसाठी उत्तर नाही असंच आहे. आतून कुरकुर येते, पाणी गेलंय, तेलाचा डिंक झालाय, एवढ्या कारणांनीच उतरवा, आणि पहिल्या पायरीत बार नाही याची पक्की खात्री झाली असेल तरच.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बंदूक करण्याचं काम वाटलेलं असे. नळी एकाकडं, कळ दुसऱ्याकडं, दस्ता तिसऱ्याकडं, आणि जुळवणारा प्रत्येक भाग त्या एकाच पिस्तुलापुरता कानशीनं घासून बसवी. स्क्रूही हातानं कापलेले. त्यामुळं दिसायला सारखे दोन स्क्रू एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जबरदस्तीनं बसवले तर आटे जातात.

१. पुठ्ठ्यावर पिस्तुलाचं चित्र काढा. स्क्रू निघेल तसा त्याच जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवा.
२. स्क्रूच्या खाचेत पेचकस घट्ट बसतोय का पाहा. जुन्या खाचा अरुंद असतात, बाजारचा पेचकस निमुळता असतो, तो वर चढतो आणि खाच फाडतो. एक स्वस्त पेचकस घेऊन त्याचं पातं कानशीनं त्या खाचेच्या मापाचं करा.
३. स्क्रू हलत नसेल तर तेलाचा थेंब आणि दोन-तीन दिवस. हातोडी नको, गॅसची ज्योत नको.
४. घोडा अंगठ्यानं धरून अर्ध्यावर आणा. म्हणजे कमानीचा दाब दस्त्याच्या लाकडावर येत नाही.
५. कळ धरणारे बाजूचे स्क्रू चार-पाच आटे सैल करा, पूर्ण काढू नका. त्यांच्या डोक्यावर लाकडी मुठीनं हलकेच टकटक करा, कळ समोरच्या बाजूनं आपोआप बाहेर येते. चाकूनं उचकटली तर दस्त्याची कड तुटते. मी पाहिलेल्या दर तीन दस्त्यांत एकाची तरी तुटलेली असते.
६. बाहेर आलेली कळ खोलायची नाही. मोठी कमान हातानं काढायला जाल तर ती तुटेल, नाहीतर बोट फोडेल. टर्पेंटाइनच्या काडीनं डिंक काढा, वाळवा, घासणाऱ्या जागी सुईच्या टोकानं तेल लावा.

> सूचना: गारगोटी नसताना घोडा चाप ओढून सोडू नका. "बघू, खटका वाजतो का" या एका हौसेपायी घोड्याची मान मोडते. खाली आणायचा तर अंगठ्यानं धरून, हळू.

गारगोटी जागेवर असेल तर तिच्याभोवतीचं चामडं तसंच ठेवा, जुनं असलं तरी.

९. नळी आतून

बार नाही हे पक्कं झाल्यावरच. काळ्या दारूची राख मिठासारखी ओल ओढते आणि ती तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून नळीत नुसतं तेल ओतून ठेवणं म्हणजे घाणीवर झाकण. लाकडी काठीला कापड गुंडाळून ते बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, किंचित ओलं करा, दोन-तीनदा फिरवा, आणि लगेच कोरडी कापडं, कापड पांढरं येईपर्यंत. हेअर ड्रायरची गार हवा चालते. मग वॅक्स. नळीचं तोंड बूच लावून बंद करू नका.

१०. ठेवायचं कुठं

बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला नको, विशेषतः पश्चिमेच्या. मखमलीच्या पेटीत, चामड्याच्या म्यानात, वर्तमानपत्रात किंवा लोकरीत गुंडाळून नको, ही सगळी ओल नाहीतर आम्ल धरतात. धुतलेलं मांजरपाट, त्यावर जाड पॉलिथिनची पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि मधल्या खोलीतलं कुलूपबंद कपाट. दोनशे-तीनशे रुपयांचं आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्थिर हवा. फार कोरडं केलं तर दस्ता तडकतो. जत-आटपाडीकडं उन्हाळ्यात हीच अडचण येते, महाबळेश्वर-जावळीकडं उलटी.

११. पुराचं पाणी लागलं तर

सांगलीकरांसाठी ही पायरी वेगळी. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा कृष्णेनं घरातली कपाटं धुऊन नेली. गाळ अंगावर वाळू देऊ नका, तो ओला असतानाच स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा. इथं पेच असा की लोखंड लवकर वाळायला हवं आणि लाकूड सावकाश. उन्हात ठेवलं तर दस्ता एका दुपारात फाटतो. तेव्हा धातूचे भाग लगेच कापडानं टिपा, दस्ता सैल मांजरपाटात गुंडाळा, सावलीत पंखा लांब ठेवून आठ-दहा दिवस जाऊ द्या. फुगलेल्या लाकडातनं कळ ओढून काढू नका, वाळल्यावर ती स्वतः सुटते. पाण्यात राहिलेलं पिस्तूल बार तपासल्याशिवाय वाळवायला घेऊ नका.

१२. खंडेनवमीच्या दिवशी

पाटावर नवं कापड, त्यावर पिस्तूल. हळद-कुंकू कापडाला आणि शेजारच्या नारळाला लावा, लोखंडाला नको. कुंकवातला चुना आणि हळदीचा ओलावा, दोन्ही त्यावर डाग पाडतात. अक्षता कोरड्या वाहा. झेंडूची माळ पाटाला, आपट्याची पानंही पाटावर. आमच्या घरी सुरुवातीला आजी कुरकुरली, पण गुरुजींची काही हरकत निघाली नाही. पूजा उतरल्यावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, हातमोजे घालून एकदा कोरडं पुसा आणि पिशवीत परत.

कोजागिरीच्या सुमारास पिशवी उघडून सिलिकाचे दाणे बघा. नारिंगी दाणे हिरवट किंवा फिके झाले असतील तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवा, गार झाले की पुन्हा आत टाका, आणि तारीख त्या नोंदवहीत लिहा.